रविवारपर्यंतच्या खुणा

राजुरीच्या कुंडलिकला बीपी निघालं तेव्हा प्रतिभानं रडारड केली नाही. तिनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीनं चौकोन आखले. गोळी, चालणं, कमी मीठ. तक्ता फ्रिजशेजारी चिकटवला आणि दोऱ्याला पेन बांधलं. लेक अक्षदा हसली, "आई, पप्पांना परत पहिलीत घातलंस!"

कुंडलिक गावच्या डेअरीवर दुधाचं माप घ्यायचा. पहाटे जाताना चौकोनात बरोबरची खूण करायचा. तीन महिन्यांत एक चौकोन कोरा नव्हता. प्रतिभा आल्यागेल्याला तक्ता कौतुकानं दाखवायची. कधी तोंडानं विचारलंच, "अवो, गोळी घेतली ना?" तर तो म्हणायचा, "तक्ता वाच की. आता काय पोट फाडून दावू?"

एका सोमवारी त्यानं रविवारपर्यंतच्या सगळ्या खुणा एकदमच करून टाकल्या.

"अवो, रविवारची गोळी आजच गिळली व्हय?"

"रविवारपत्तुर कुठं पळून जातोय मी?"

प्रतिभा हसली. दळण आणायचं होतं, विषय तिथंच राहिला.

बुधवारी सकाळी डेअरीवर कॅन उचलताना कुंडलिक खाली बसला, तो उठलाच नाही.

शुक्रवारी राख सावडून आल्यावर त्याचा डेअरीवरचा जोडीदार बहिरू दारातच बसला. "वहिनी, त्या गोळीनं त्याला सारखं लघवीला उठावं लागायचं. रांगेतली माणसं म्हणायची, कुंडलिकभाऊ, नळ गळतोय काय? लई लाजायचा. घेतच नव्हता तो. मी बी हसायचो, वहिनी."

डेअरीवर घालायच्या स्वेटरच्या खिशात अक्षदाला गोळ्यांची भरलेली पाकिटं सापडली. तिनं तक्ता ओरबाडायला हात घातला.

"राहू दे," प्रतिभा म्हणाली. "अजून रविवार जायचाय."

माणसं भेटायला येत होती. प्रतिभा सतरंज्या झटकत होती, डोळ्यांत टिपूस नव्हतं. "दगड झाली गं," बाया कुजबुजल्या. ती मात्र जाता-येता तक्त्याकडे बघायची. त्या दिवसाचा चौकोन भरलेला असायचा. त्याच्याच हातची खूण, शेपूट लांब ओढलेली.

सोमवारी सकाळी ती पाण्याचा तांब्या घेऊन फ्रिजपाशी आली. चौकोन कोरा होता.

"अवो, गोळी..." एवढंच तिच्या तोंडून आलं. तांब्या हातातून सुटला. भिंतीला धरून ती खाली बसली, आणि पाच दिवस अडलेला हंबरडा पार डेअरीपर्यंत ऐकू गेला.