तिला काहीच कळत नाही

बाबा गेल्यावर चाळीच्या पुनर्विकासाच्या कागदांवर आम्हा तिघींच्या सह्या लागल्या. माझी ताई एकतीस वर्षांची आहे, पण तिची समज जन्मापासून लहान मुलीएवढीच. आई नेहमीसारखा तिचा अंगठा धरून शाईत बुडवणार होती. तेव्हा बिल्डरच्या माणसाने सांगितलं की ताई सज्ञान आहे, तिच्यासाठी कोर्टातून पालक नेमून आणा.

आई म्हणाली, "मग इतकी वर्षं मी कोण होते?"

घरात कॉलेजात गेलेली मी एकटीच, म्हणून अर्जासाठीची माहिती मीच लिहिली. ताईला काय जमतं, याखाली मी लिहिलं होतं: लसूण सोलते, कपड्यांच्या घड्या घालते, स्टँडवर आमची बस ओळखते. तिला वाचता येत नाही, पण 'कल्याण'ची पाटी कशी दिसते ते पाठ आहे.

आमच्या वकिलांचे कारकून ते वाचून हसले. "एवढं येतंय तर पालक कशाला, असं विचारतील ना. जरा वाढवून लिही."

मला वाटलं, त्यांना जास्त माहीत असणार. मी सगळं खोडलं आणि लिहिलं, 'तिला काहीच कळत नाही.'

ते वाक्य ठाण्याच्या कोर्टात मोठ्याने वाचलं जाईल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. वकिलांनी वाचलं तेव्हा ताई माझ्या शेजारीच उभी होती, नवा ड्रेस घालून. तिने माझ्याकडे पाहिलं. न्यायाधीश बाईंनी तिलाच विचारलं, "तुम्हाला कोणाजवळ राहायला आवडेल?" घरात दिवसभर बोलणारी ताई गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. पुढची तारीख मिळाली.

"घाबरली असेल," आई बाहेर आल्यावर म्हणाली.

परत जाताना खोपटच्या एसटी स्टँडवर आई पाणी आणायला गेली. एरवी ताई बस लांबून दिसली तरी आमच्या पिशव्या ओढायला लागते. आज ती चपलेकडे बघत बसली होती.

"ताई, आपली कुठली गं?" मी विचारलं.

"मला काही कळत नाही," ती म्हणाली. रागाने नाही. कुणी नाव विचारल्यावर सांगावं, तसं.

कल्याणची बस आमच्या समोरच लागली होती. पाटी दोघींनाही दिसत होती. मी उठले नाही. बस सुटली. ती वळेपर्यंत ताई तिच्याकडेच बघत होती.