कोपऱ्यापर्यंतचा कोट

माझ्या मुलीने परवा लॅपटॉपवर तक्ता मांडला. एका रकान्यात कायद्याच्या अभ्यासाची तीन वर्षांची फी, दुसऱ्यात नंतर मिळू शकेल तो पगार. ही एलएल.बी. नव्हे, बारावीनंतरची त्याआधीची पदवी; नुसत्या या पदवीवर वकिली करता येत नाही, त्यासाठी पुढे आणखी शिकावं लागतं. म्हणून बाईसाहेब तोंड बारीक करून विचारत होत्या, "आई, पैसे वसूल होतील का गं?" मला तो तक्ता दिसेचना, आत्या दिसायला लागली. तिने हाच हिशेब पगाराच्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलने केला होता.

माझे आजोबा कोर्टासमोरच्या गल्लीत वकिलांचे कोट शिवायचे. दुकान एवढंसं, की माप द्यायला गिऱ्हाइकाने हात पसरले तर एक हात रस्त्यावर. अख्ख्या कोर्टाची मापं त्यांना तोंडपाठ होती. "खटला लांबला की वकिलाचं पोट वाढतं," असं ते अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचे. आत्याला कायद्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा दोन शिलाई मशीनपैकी नवी विकून त्यांनी फी भरली. वर तिच्या मापाचा एक काळा कोट शिवला. शिवणीत दोन बोटं कापड जादा ठेवलं, पुढे अंगाने भरली तर उसवून सैल करता यावा म्हणून. आणि गल्लीभर सांगून मोकळे झाले, आमची पोरगी वकील होणार.

दुसऱ्याच महिन्यात आत्याला कळलं की या पदवीवर कोर्टात उभं राहता येणार नाही. ती घरी बोलली नाही. बोलली असती तर पुढच्या शिक्षणासाठी आजोबांनी उरलेली मशीनही विकली असती, आणि त्या मशीनवर तर घर चालत होतं. तिचं चुकलं असं मी अजूनही म्हणते, पण तिच्या जागी मीही तेच केलं असतं.

पुढे तिला विमा कंपनीत नोकरी लागली. लोकांच्या दाव्यांचे कागद वाचायचे, कुठे काय अडतंय ते शोधायचं. घरी सांगितलं, कंपनीची वकील आहे. रोज सकाळी कोट घालून निघायची, कोपऱ्यावर पोचली की काढून पिशवीत कोंबायची. संध्याकाळी तिथेच पुन्हा चढवायची. भर उन्हाळ्यातसुद्धा! आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आजोबा सोडून. ते बिचारे दर वर्षी विचारायचे, "कोट कसा बसतोय गं? कुठे काचत नाही ना?"

"नाही बाबा, छान बसतोय."

अशी चौदा वर्षं गेली. आजोबांची नजर अधू झाली, दुकान बंद करून त्यांनी मशीन घरी आणली. आत्याही चांगली गुटगुटीत झाली होती, कोटाचं बटण लागेना. एका रविवारी दुपारी आजोबा म्हणाले, "आण इकडे, सैल करून देतो." त्यांनी कोट मांडीवर पालथा घेतला आणि बोटांनी चाचपत शिवण उसवायला लागले. आत्याला ते बघवलं नाही. ती रडायलाच लागली.

"बाबा, मी वकील नाही. कधीच नव्हते."

आजोबांचा हात थांबला नाही.

"तुमची मशीन फुकट गेली. मी हिशेब केलाय. बाकीच्या कारकुनांपेक्षा मला थोडे जास्त मिळतात, पण त्यातून फी आणि मशीन वसूल व्हायला एकोणीस वर्षं लागतील."

"वकील लोक माप देताना गप्प उभे राहतात होय?" आजोबा म्हणाले. "पहिल्या वर्षीच कळलं मला त्यांच्याकडून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू शिकायचं सोडलं असतंस. आणि नंतर विचारत तर होतो दर वर्षी, कोट काचतोय का म्हणून. तूच छान म्हणायचीस."

आजोबांनी दोरा फुंकून उडवला. "त्या मशीनवर मी काय शिवलं असतं? लोकांचेच कोट. चाळीस वर्षं मी उभ्याने कापड कापलं, माझी पोरगी खुर्चीत बसून कागद वाचते. एकोणीस वर्षं कसली मोजत बसलीस? बटणांचा डबा आण. ही काळी काढू, तपकिरी लावली की झाला ऑफिसचा कोट."

सुईत दोरा आत्याने ओवून दिला. नाक ओढत, तिसऱ्या खेपेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा रोजच्यासारखे खिडकीशी उभे होते. मी शेजारी होते. आत्या कोपऱ्यावर पोचली, सवयीने तिचा हात बटणाकडे गेला. आजोबांना आता तितकं लांबचं दिसत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "काढला का गं?"

"नाही आजोबा. घालूनच गेली."