घरच्या शाळेची दहावी

मला शाळेत कधी घातलंच नाही. शाळा मुलांना प्रश्न विचारायला नाही, रांगेत उभं राहायला शिकवते, असं बाबांचं मत. ते त्यांनी पत्रक छापून दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर वाटलं होतं. मी अक्षरं शिकले तीही अशाच पत्रकांवर. सकाळी बाबा पाली आणि तर्कशास्त्र शिकवत, दुपारी आई भूमिती. घाई कसलीच नव्हती. नियम एकच, पक्कं झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. एका प्रमेयावर मी अख्खा उन्हाळा काढला, कुणी रागावलं नाही. शिकावं तर असंच, हे मला आजही वाटतं.

बाबांच्या मोठ्या बहिणीला, माझ्या आत्याला, ते कधीच पटलं नाही. ती इतवारीहून यायची आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच सुरू व्हायची.

"काहून गा, आपल्या बापाले वर्गाबाहेर बसवत होते. आत बसासाठी तो भांडला. अन् तू पोरीले घरी बसवून राहिला?"

"तो आत बसासाठी भांडला, ताई. आत काय शिकवतात, त्याच्यासाठी मी भांडून राहिलो."

"पत्रकासारखं नको बोलू. दहावीचा कागद दाखव मले." मग माझ्याकडे वळून, "अन् तू वं, बाजारात पालीत भाजी मागशील का?"

मी पालीत वांगी मागून दाखवली. ती हसली, पण मुद्दा सोडला नाही.

शेवटी मी बाहेरून दहावीला बसायचं ठरलं. निकाल आधी तुझ्याच हातात देतो, असं बाबा आत्याला सांगून बसले. इतक्या वर्षांच्या भांडणाचा निवाडा आता माझ्या मार्कांवर होणार होता.

इतिहासाच्या पेपरात गाळलेल्या जागा भरून झाल्या आणि पुढे प्रश्न आला, छपाईमुळे समाजात काय बदल झाले, थोडक्यात लिहा. हा तर माझाच प्रश्न! मी लिहिलं, खोडलं, पुन्हा मांडलं. एक मुद्दा कच्चा वाटला म्हणून सगळं नव्यानं सुरू केलं. घंटा झाली तेव्हा पुढचे प्रश्न मी वाचलेसुद्धा नव्हते. वर्गावरच्या पर्यवेक्षक बाईंनी पेपर ओढला.

"बाई, अजून पक्कं नाही झालं."

"पुढच्या वर्षी कर पक्कं," त्या म्हणाल्या. मागच्या बाकांवर पोरं खिदळली.

बाकीच्या पेपरांतही हेच. घड्याळाकडे बघायचं कळेपर्यंत परीक्षा संपली होती.

निकालाच्या दिवशी आत्या पेढे घेऊन आली. मोबाईलवर मार्क बघितले आणि डबा न उघडताच स्वयंपाकघरात ठेवून आली. तिनं एकही टोमणा मारला नाही. मारला असता तर मला भांडता तरी आलं असतं. जाताना एवढंच म्हणाली, "क्लास लाव गा तिले."

दुसऱ्या दिवशी बाबा मला महाल भागातल्या एका क्लासमध्ये घेऊन गेले. सर खुर्चीवर, आम्ही टेबलासमोर उभे.

"शाळा कोणती होती जी?"

"शाळा नाही," बाबा म्हणाले. "घरीच शिकली."

"कितवीपर्यंत?"

"सगळंच घरी."

सरांनी मला नीट न्याहाळलं. आवाज मऊ झाला त्यांचा. "आजारी होती का पोरगी?"

माझ्या डोक्यात पत्रक तयार होतं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मी बाबांकडे पाहिलं. भरसभेत उभं राहून समोरच्याला आव्हान देणारा माझा बाप टेबलावरच्या काचेकडे बघत होता.

"हो," ते म्हणाले.

"अरेरे. आता कशी आहे तब्येत, बेटा?"

पत्रकातली एकही ओळ तोंडातून निघेना.

"आता बरी आहे," मी म्हटलं.