टाकीखालची टाकी आणि बाथरूमची फरशी

तीन माणसं एकच वेडेपणा करायला लागली की किस्से आपोआप साठत जातात. आमचंही तसंच झालं. आम्ही खाऱ्या पाण्याचे मासे पाळणारे लोक. मी चऱ्होलीत, शिरीष रावेतला आणि दत्ताभाऊ चाकणच्या बाजूला, स्वतःच्या गावात, स्वतःच्या बंगल्यात. दर गुरुवारी भेटतो, कारण आमच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. चहा झाला की कुणीतरी म्हणतंच, "विनू, ते सांग ना रे!" आणि सगळे हसायला तयार बसतात. गंमत म्हणजे, आमच्या ग्रुपचे जेवढे किस्से आहेत, त्यातल्या बहुतेकांत गाढव मीच आहे. पूर्वी मीही हसत सांगायचो. आता सांगताना मान वर होत नाही, पण सांगतो.

*

माझ्या हॉलमध्ये चार फुटी टाकी आहे. आत प्रवाळ, दोन नारिंगी क्लाउनफिश, आणि मागच्या बाजूला लटकलेली दोन फिल्टरची खोकी. बायको कविता म्हणायची, "मासे बघायचे की ही डबडी बघायची?" म्हणून ठरवलं, संप करायचा. संप म्हणजे टाकीखालच्या कपाटात दुसरी टाकी. वरचं पाणी काठावरून ओसंडून पाइपनं खाली जातं, खाली गाळून निघतं आणि पंप ते परत वर फेकतो. घाण दिसत नाही, आवाज नाही, सगळं कपाटात.

मी मेंटेनन्समध्ये मॅनेजर. साधं सांगून गप्प बसलो तर मी कसला मॅनेजर! शिरीष आणि दत्ताभाऊला टीव्हीसमोर बसवून मी बावीस स्लाइडचं प्रेझेंटेशन दिलं. ओव्हरफ्लो म्हणजे काय, फ्लो रेट म्हणजे काय, ग्रॅव्हिटी म्हणजे काय.

दत्ताभाऊनं बाविसाव्या स्लाइडपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हंजी वरच्या वाफ्यातनं पानी खालच्या वाफ्यात, अन् खालनं मोटर. हे आमी चौथीत असल्यापास्नं करतोय राव."

आणि मी त्याला ग्रॅव्हिटी शिकवत होतो! वर तो चहाचा घोट घेत म्हणाला, "पंपाच्या पायपाला वरच्या अंगाला, पान्याच्या जरा खाली, एक बारीक भोक पाड. मोटर बंद झाली की पायप पानी उलटं वढतो. भोकातनं हवा गेली की थांबतो." मी म्हणालो, "भाऊ, हे शेत नाही." असं बोललो मी त्याला, माझ्या घरात, माझा चहा पीत बसलेल्या माणसाला.

*

टाकीच्या काचेला भोक पाडायला डायमंडचा गोल कटर लागतो. बाजारात मिळतो, पण आमच्या टूल रूममध्ये अगदी हव्या त्या साइझचा पडून होता. मागितला असता तर दिला असता कुणीही. पण मागायचं म्हणजे कशाला हवा ते सांगायचं, आणि मॅनेजरनं माशांसाठी कटर मागायचा? मी तो जेवणाच्या डब्यात घातला.

गेटवर सिक्युरिटीवाल्या मामांनी डबा हातात घेतला, जरा तोलला.

"साहेब, डब्यात काय?"

"पोहे उरलेत."

मामांनी झाकण उघडलं, बघितलं, परत लावलं आणि डबा माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "साहेब, पोह्याला गेट पास लागत नाही. ह्याला लागतो."

त्या गेट पासच्या नियमाची नोटीस मामांच्या डोक्यावरच चिकटवलेली होती. खाली सही माझी.

*

पास काढला, कटर आणला, टाकी रिकामी केली, भोक पाडलं, पाइप जोडले. मग ट्रायल. आता ट्रायल म्हटल्यावर आमच्या अंगात कंपनी संचारली. शिरीषनं चेकशीट छापून आणली. लिकेज: ओके. आवाज: ओके. वरची पातळी: ओके. शेवटचा मुद्दा होता पॉवर फेल. लाईट गेल्यावर पंप बंद पडेल, तेव्हा खालची टाकी भरून वाहते का, ते बघायचं.

शिरीषनं जाऊन मेन स्विच खाली केला. आम्ही तिघं कपाटासमोर उकिडवे बसलो. एक मिनिट. दोन मिनिटं. संपमधली पातळी इंचभरही हलली नाही!

"झीरो डिफेक्ट!" शिरीष ओरडला. टाळ्या! मी चेकशीटवर लिहिलं, पॉवर फेल: ओके. खाली तिघांच्या सह्या.

माझी आई सोफ्यावर वाती वळत बसली होती. ती वर बघून म्हणाली, "अरे विनू, लाईट घालवली म्हणतोस, मग पंखा कसा फिरतोय?"

आम्ही हसलो तिला. "आई, इन्व्हर्टर आहे तो!" असं मीच म्हणालो. आपल्याच तोंडानं म्हणालो आणि पुढं गेलो. तिघांची मिळून पन्नास वर्षांची कारखान्यातली नोकरी, आणि पंपाचा प्लगही त्याच इन्व्हर्टरवर आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. पंप बंद पडलाच नव्हता. टेस्ट झालीच नव्हती.

*

आता इथून पुढचं हसत ऐकू नका.

आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये जाधवकाका राहतात. तेच सोसायटीचे सेक्रेटरी. एवढी मोठी टाकी घरात ठेवायला त्यांनी आधी नकार दिला होता. मी लेखी दिलं, "एक थेंबही खाली येणार नाही याची मी हमी घेतो." नावापुढं इंजिनिअर लिहिलं आणि सही ठोकली. थेंब आला तर टाकी काढायची, असं ठरलं होतं.

महिन्याभरानं एका गुरुवारी सकाळीच लाईट गेली. गुरुवार म्हणजे लाईटच्या मेंटेनन्सचा वार, त्यात नवीन काय! आई बसनं आळंदीला गेली, कविता ड्युटीवर, मी दत्ताभाऊकडे. दुपारपर्यंत लाईट आली नाही. इन्व्हर्टरनं जमेल तेवढं ओढलं आणि मान टाकली. पंप बंद. पाइपनं वरचं पाणी उलटं ओढायला सुरुवात केली, खालची टाकी भरली, आणि पाच-सहा बादल्या खारं पाणी माझ्या हॉलमधून वाट काढत खाली गेलं.

खाली त्या दिवशी जाधवकाकांच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. कांदेपोहे हातात, आणि मुलाच्या मामांच्या टकलावर वरून धार!

काकांचा फोन आला, "विनायकराव, वरून पाणी येतंय." मी गाडी अशी पळवली की काय सांगू. घरात शिरलो, चादरी, टॉवेल, हाताला लागेल ते टाकून फरशी कोरडी केली. पायपुसणंसुद्धा पिळून परत जागेवर ठेवलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात काका, नवा कुर्ता, एका खांद्यावर ओला.

"तुमच्याकडे काही फुटलंय का हो?"

एक वाक्य बोलायचं होतं. चूक झाली काका, टाकीचं पाणी आहे. पण डोळ्यांसमोर ती सही आली, आणि टाकी उचलून नेणारी माणसं. मी म्हणालो, "नाही हो. बाथरूमचं असेल, हॉलच्या भिंतीला लागूनच आहे. मागच्याच महिन्यात गंगाधरनं फरश्या बसवल्यात ना."

गंगाधर म्हणजे आमच्या सोसायटीचा प्लंबर. नांदेडकडचा. नळ, पाइप, फरशी, सगळं तोच बघायचा. त्या महिन्यात त्यानं आमच्या विंगची सगळी बाथरूम्स नव्यानं केली होती. एका वाक्यात मी ते सगळं काम कच्चं ठरवलं.

*

पुढच्या गुरुवारी मी दूध घेऊन वर आलो, तर गंगाधर बाथरूममध्ये कामाला लागलेलासुद्धा. स्वतः बसवलेली फरशी स्वतःच फोडत होता, फुकट. मी काय केलं असेल? त्याला टॉर्च धरला. नसलेलं लिकेज शोधायला मी दीड तास टॉर्च धरून उभा होतो, मधूनमधून "तिकडं बघा, तिकडं ओल वाटते" असंही म्हणत होतो.

"साहेब, एक कळंना," तो घाम पुसत म्हणाला, "लिकेज हाय तर मग त्या दिवसानंतर परत का गळंना?"

कारण त्याच रात्री मी पंपाच्या पाइपला दत्ताभाऊनं सांगितलेलं बारीक भोक पाडलं होतं. कंपनीत कुठली मशीन बंद पडली की मी सगळ्यांना पाच वेळा 'का?' विचारायला लावतो. इथं माझ्या बाथरूममध्ये बसून गंगाधरनं पहिलाच 'का?' बरोबर विचारला होता. मी म्हणालो, "चहा टाकू का?"

त्याच्या पुढच्या गुरुवारी त्यानं भिंतीच्या टाइल्सही काढल्या. तिथंही काही सापडलं नाही. दोन्ही वेळेला त्यानं सगळं परत नीट बसवून दिलं.

मग सोसायटीची मीटिंग झाली. काका म्हणाले, "गंगाधरचं काम आता भरवशाचं राहिलं नाही, दुसरा माणूस बघू." मतदान झालं. सगळ्यांचे हात वर गेले. माझाही गेला. एकटाच खाली ठेवला असता तर का ते सांगावं लागलं असतं, म्हणून गेला. शरम वाटते हो अजून, त्या हाताची.

*

शेवटी एक दिवस कविताला सगळं सांगितलं आणि मनाचा हिय्या करून जाधवकाकांकडे गेलो. सांगूनच टाकायचं. बेल दाबली. काकांनी दार उघडलं आणि माझ्या तोंडात आख्खा पेढा कोंबला!

"विनायकराव, जमलं बरं का! मुलाचे मामा म्हणाले, ज्या घरात डोक्यावर पाणी पडूनही कुणी आरडाओरडा केला नाही, ती माणसं शांत. मुलगी इथलीच करायची!"

मी पेढा चघळत उभा. काका माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या बाथरूमची कृपा!"

दुसरा पेढाही खाल्ला आणि वर आलो. कवितानं विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणालो, "पेढा होता तोंडात." काकांनी आईसाठी दिलेला तिसरा पेढा कवितानं माझ्या हातातून काढून घेतला आणि आत गेली.

*

हा पेढ्याचा किस्सा मी गुरुवारी दत्ताभाऊच्या ओट्यावर सांगितला. शिरीष हसून हसून आडवा झाला. दत्ताभाऊ हसला नाही.

"त्यो गंगाधर आता काय करतो?"

"मोशीत कुठंतरी कामं बघतो म्हणे. आमच्या सोसायटीतलं ऐकून शेजारच्या दोन सोसायट्यांनीही त्याला बंद केलं."

"अन् तू हितं बसून पेढं सांगतो व्हय रं?" तो उठला. "तुझं मासं मेलं असतं तर दुसरं आणलं असतं. त्या मानसाचं नाव कुठनं आणनार हायेस? चल. गाडी काढ."

"आत्ता?"

"न्हाई, मुहूर्त बघू! चल म्हणतो ना!"

सोसायटीला मी नंतर सगळं लेखी दिलं. मीटिंगमध्ये उभा राहून वाचलं, माफी मागितली, गंगाधरला काम परत मिळालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते त्याआधीचं, त्या गुरुवारचं.

*

गंगाधरची मोशीतली खोली शोधली. तो दारातच एक जुना नळ खोलून बसला होता. मला बघून उठला, आतून खुर्ची आणली. मी बसलो नाही. दत्ताभाऊ मागं गाडीजवळ थांबला.

एका दमात सगळं बोलून टाकलं. पाणी टाकीचं होतं, बाथरूमचं नव्हतं. मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. तुमचं काम चांगलं होतं. मी खोटं बोललो.

तो नळाच्या आट्यांना दोरा गुंडाळत होता. गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "म्हाईत होतं की साहेब."

"काय माहीत होतं?"

"फोडायच्या आधी मी खाली काकांच्या घरी गेलतो. छताला पांढरं फुटलं होतं. बोट लावून चाटून बघितलं. खारट मीठ! आपल्या नळाला कुठं खारं पानी येतंय? तवाच कळलं, माशांचं हाय म्हणून. तेच सांगायला तुमच्याकडं वर आलतो."

"मग सांगितलं का नाहीत? फरशी फोडलीत, भिंत फोडलीत. कामं गेली तुमची!"

"तुम्ही घरी नव्हता. दूध आणायला गेलता. तुमच्या आईनं दार उघडलं." त्यानं नळ उचलून उजेडाकडं धरला, आत फुंकर मारली. "मी म्हणलं, आई, पानी बाथरूमचं न्हाई. त्या म्हणल्या, 'माझ्या विनूनं सांगितलंय ना बाबा, मग बाथरूमचंच असणार. तो कधी खोटं बोलत नाही.' अन् मला पाट दिला बसायला."

"मग?"

"मग काय साहेब. म्हणलं, हो आई, बाथरूमचंच असंल. अन् बसलो फोडत."