आजोबांच्या पोटावरचे पट्टे

मुलांनो,

डॉक्टरांनी आजोबांना लांबचा विमानप्रवास बंद केला, तेव्हाच मी ठरवलं की तुमच्या घरी त्यांचं चित्र पाठवायचं. फोनवर तुम्हाला त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसतं. चित्रात ते समोर बसल्यासारखे वाटायला हवेत. म्हणून आमच्या गावातल्या फ्रीगंज भागात एका चित्रकलेच्या क्लासात नाव घातलं.

मी काढलेले आजोबा पाहून तिथल्या मॅडम हसल्या. तुमच्या आईच्या वयाच्या आहेत. "आंटीजी, लाइन तो एकदम साफ है. पर अंकल तो पापड़ हो गए! शेडिंग क्यों नहीं की?"

काय सांगणार? मी तीस वर्षं इंग्रजी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. बेडकाच्या आकृतीत कुणी पेन्सिल घासली की अर्धा मार्क कापायचे. एक स्वच्छ, सलग रेघ आणि बाजूला नावं. छटा म्हणजे माझ्या लेखी घाण.

मॅडम म्हणाल्या, अंकलना पट्ट्यांचं काहीतरी घालून बसवा आणि फक्त पट्टे काढा. घरी मी विणलेला पट्ट्यांचा स्वेटर बाहेर काढला आणि तो घालून आजोबांना खिडकीशी बसवलं.

"माझं पोट मोजतेस की काय?"

"अहो, हलू नका."

"श्वास घेऊ ना?"

"हळू घ्या."

ते पट्टे मी टाके मोजून सरळ विणले होते. आजोबांच्या अंगावर एकही सरळ नव्हता. पोटावर ते खाली झुकत, कुशीशी वळत आणि पाठीमागे नाहीसे होत. मी बाहेरची रेघ न काढता तेवढेच बाक काढले, आणि कोऱ्या कागदावर पोट वर आलं! मग पेन्सिल आडवी धरून खिडकीपासून लांबची त्यांची बाजू काळी करत गेले. अगदी कडेला मात्र पांढऱ्या भिंतीचा उजेड परत त्यांच्या बाहीवर पडला होता. तिथे हात हलका ठेवला, तशी बाही गोल फिरली.

मी बोट लावून पाहिलं. कागद सपाटच होता. एकोणपन्नास वर्षं या माणसासमोर बसून जेवते आहे. त्याला मागची बाजू आहे, तो हवेत एवढी जागा व्यापून बसतो, हे मी त्या दुपारी पाहिलं.

आजोबा उठून आले, चष्मा लावला. "हा म्हातारा आता चहा मागेल," म्हणाले.

चित्र गुंडाळी करून पाठवते आहे. उजेड डावीकडून आहे, तेव्हा खिडकी डाव्या हाताला येईल अशा भिंतीवर लावा. फार उंच नको, खुर्चीत बसलेल्या माणसाएवढं.