मागचे दोन डबे रिकामे

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. कंपनीत माझ्या हाताखालच्या मुली म्हणतात, सकाळी कॉम्प्रेसर तापायच्या आत मॅडमचं डोकं तापतं. भोसरीतल्या एका कारखान्यात मी लाइन लावायचं काम करते. म्हणजे कुठल्या टेबलावर किती काम पडतं, माल कुठे तुंबतो, कुणाचे हात रिकामे राहतात, हे घड्याळ धरून बघायचं आणि काम सारखं वाटून द्यायचं. बारा वर्षं हेच केल्यावर ते अंगात भिनतं. एका लग्नात पंगतीच्या वाढप्यांना मी सांगितलं होतं की भाताचं पातेलं त्या टोकाला ठेवा, तुमच्या निम्म्या खेपा वाचतील. नवऱ्याने मला हात जोडले होते.

आम्ही दोघंही लातूरकडचे, राहायला देहूरोडला. नवरा निघोज्याच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबायच्या मशिनींवर होते. त्यांचा आवाज हीच त्यांची ओळख. प्रेस धाडधाड चालू असताना या टोकावरून हाक मारली तर त्या टोकाचा माणूस वळून बघायचा. घरीही तसंच. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमच्याकडे भाजी कुठली केली ते आम्हाला भिंतीतून कळतं.

मागच्या वर्षी महाळुंग्याच्या रस्त्यावर खडीवरून त्यांची बाइक घसरली. मांडीत रॉड घातला. पाच महिने घरात. पाय हळूहळू भरून येत होता, पण आवाज गेला. गळ्याला काही झालं नव्हतं, माणूसच हळू बोलायला लागला. चहा हवा असला तरी काहीतरी चूक केल्यासारखा मागायचे. मला त्याची फार चीड यायची. मी भांडी आपटायचे, आणि मग मोरीत जाऊन रडायचे.

शेवटी कंपनीने एक वाट काढली. निघोज्याला उभ्याचं काम जमणार नाही, तर भोसरीच्या शाखेत टूल रूमला बसून तपासणीचं काम करा. पण एका अटीवर. पहिले आठ दिवस रोज वेळेवर पंचिंग झालं पाहिजे. एक लेट मार्क सोडून देऊ, दुसरा पडला तर अनफिट धरून घरी पाठवू. सोळा वर्षांची नोकरी त्या आठ दिवसांवर येऊन थांबली होती.

बाइक डॉक्टरांनी बंद केलेली. कंपनीची बस कासारवाडी स्टेशनबाहेरून सुटायची आणि तिला गाठून देणारी लोकल एकच. पुढची लोकल येईस्तोवर बस निघून गेलेली असायची. रोजची रिक्षा आम्हाला झेपणारी नव्हती. म्हणजे सगळं त्या एका गाडीवर आलं. आणि ती गाडी म्हणजे काय सांगू. तळेगावहून येतानाच ठेचून भरलेली. देहूरोडला आम्ही चढायचो ते पायाने नाही, मागच्यांच्या रेट्याने. काठी टेकत चालणारा माणूस त्यात चढणार कसा? अपंगांचा डबा होता, पण यांच्याकडे त्याचं कार्ड नव्हतं. शिवाय म्हणाले, “ज्यांचा तो डबा आहे त्यांनाच पाय ठेवायला जागा नसते, मी कशाला तिथं घुसू?” ते बरोबरच होतं.

डब्यात रोज एकच विषय. गाड्या वाढवा, डबे वाढवा. वाढायलाच पाहिजेत, माझं काही दुमत नाही. पण नवीन मशीन येईपर्यंत कारखान्यात कुणी लाइन बंद ठेवत नाही. आहे त्यात कुठे तुंबलंय ते बघतात. मी म्हटलं, बघूया.

नवऱ्याच्या हजर होण्याला एक आठवडा होता. रोज मी फलाटावर वेगळ्या जागी उभी राहिले आणि कोणत्या डब्याला किती माणसं लटकतात त्याच्या वहीत रेघा ओढल्या. चार उभ्या, एक आडवी. लोकांना वाटलं बाई सर्व्हेवाली आहे. चौथ्या दिवशी चित्र स्पष्ट झालं. गर्दी गाडीला नव्हती, गर्दी पुढच्या डब्यांना होती. उतरायच्या स्टेशनवर जिना पुढच्या डब्यांसमोर येतो, म्हणून प्रत्येकाला तिथेच चढायचं असतं. मागचे दोन डबे त्या मानाने मोकळे. मागे उतरलं तर फलाट चालावा लागतो खरा, पण यांना ते सोयीचंच होतं. सगळे जिना चढून गेले की मागून निवांत जायचं, धक्का लागायची भीती नाही.

इथपर्यंत माझं चुकलं नव्हतं. चुकलं ते पुढे, कारण मला गप्प बसवलं नाही.

आमच्या गाडीच्या नेहमीच्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. गाडी लेट आहे का, कुणाची छत्री राहिली का, असल्या गोष्टींसाठी. रविवारी मी त्यावर सगळा तक्ता रंगवून टाकला. लाल डबे, पिवळे डबे, हिरवे डबे, अगदी कंपनीत साहेबांना दाखवते तसा. खाली लिहिलं, ‘मागचे दोन डबे रिकामे असतात, सर्वांनी लाभ घ्यावा.’ वाहवा करणाऱ्या अंगठ्यांचा पाऊस पडला. कुणीतरी लिहिलं, ताईंना रेल्वेत घ्या. मी दिवसभर पुरीसारखी फुगून होते.

सोमवारी सकाळी यांना फलाटाच्या मागच्या टोकाला सोडलं. “तू जा पुढे, मी काय लहान आहे का,” ते हळू आवाजात म्हणाले. मी माझ्या नेहमीच्या, पुढच्या बायकांच्या डब्यात चढले. आणि काय आश्चर्य, डब्यात चक्क वारं लागत होतं. एका बाईने पर्समधून कंगवा काढून केस विंचरले, इतकी जागा. मनात म्हटलं, बघा, याला म्हणतात काम.

कासारवाडीला उतरून मागे बघितलं. मागच्या दोन डब्यांतून माणसं पोतं फुटल्यासारखी सांडत होती. अख्खा ग्रुप माझं ऐकून मागे गेला होता. गाडी सुटली, फलाट मोकळा झाला, तरी हे दिसेनात. फोन लावला.

“मी बाकावर बसलोय.”

“कुठल्या बाकावर? मला दिसत नाही.”

“देहूरोडच्याच.”

मी कपाळावर हात मारून तिथेच उभी राहिले. ते म्हणाले, “सगळा माल एकाच टेबलावर टाकलास की गं.” आणि थोडं हसले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाले, “खरं सांगू का, एकाने दारातून हात दिला होता. माझाच हात बाकावरून सुटेना. रस्त्यावर पडलो तेव्हाची खडी दिसायला लागली.” पाच महिन्यांत भीती वाटते असं ते पहिल्यांदा बोलले. नशीब माझं की ते मला फोनवर ऐकावं लागलं, कारण समोर असते तर मी काहीतरी वाकडं बोलले असते.

रिक्षा करून ते पोहोचले, पण पहिला लेट मार्क पडला. आता आणखी एकही चालणार नव्हता.

संध्याकाळच्या गाडीत मी मुद्दाम जनरल डब्यात चढले. पत्ते खेळणाऱ्यांच्या घोळक्यात एक मामा असतात. देहूरोडच्या बाजूच्या जुन्या गावातले, लष्कराच्या कारखान्यातून रिटायर झालेले. आता एका गोदामावर वॉचमन म्हणून जातात. त्यांच्यासमोर उभी राहून मी सगळं सांगितलं. माझी चूक झाली, हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघत नाही. त्या दिवशी निघालं.

मामांनी हातातले पत्ते मिटले. “पोरी, तुजा तक्ता झ्याक व्हता. पर तू माणसं मोजलीस, मंडळं न्हाई मोजलीस. हितं एकटा माणूस कोन हाय? आमी पत्त्यावाले एका जागी. भजनवाले एका जागी. त्या नाष्टा वाटून खाणाऱ्या बाया एका जागी. एकेकाला हल म्हनलं तर समदेच हलत्यात, न्हाईतर कुनीच न्हाई. मंडळाला सांग, तुमी हितं. मंग बसतंय.”

इतकी साधी गोष्ट. कारखान्यात मी कधीच सगळ्या लाइनला ‘त्या टेबलावर जा’ असं सांगत नाही. प्रत्येक गटाला वेगवेगळं टेबल नेमून देते. पण ही माणसं रोजच्या ओळखीची, म्हणून मला वाटलं नुसतं सांगितलं की झालं.

पिंपरी ते देहूरोड एवढ्या वेळात मामांनी फोनवरून कामं उरकली. भजनवाले पुढेच राहणार, कारण त्यांच्यातले दोघे म्हातारे, त्यांना जिना जवळ हवा. नाष्ट्यावाल्या बायका शेवटच्या डब्यातल्या बायकांच्या भागात येणार. तळेगावहून येणारी प्लांटमधली पोरं मधल्या डब्यांत. आणि पत्त्यावाले शेवटच्या डब्याच्या दाराशी. “तुज्या मालकाला आमी घेतो,” मामा म्हणाले. “त्याला काय खेळता येतं? रमी?”

“बदाम सात,” मी म्हटलं.

“बरं, शिकवू.”

मंगळवारी मीही शेवटच्या डब्याच्या बायकांच्या भागात चढले. त्याच डब्याच्या उरलेल्या भागात पुरुष, मधे जाळी. जाळीतून मला दिसलं. मामांनी दारात हात आडवा धरला, दोघांनी यांना काखेत धरून वर घेतलं आणि कोपऱ्यात पाठ टेकवून उभं केलं. कुणी काठी वर रॅकवर ठेवली. सगळं इतक्या सहज, जणू रोजचंच काम. माझा जीव भांड्यात पडला. बस मिळाली, पंचिंग वेळेवर झालं. सगळे डबे काही हलके झाले नाहीत, गर्दी होतीच. पण एकाच डब्याने सगळ्यांचं ओझं ओढायचं, ते थांबलं. पहिल्या-दुसऱ्या दिवशी कुरकुर झाली, मग लोकांना आपापली जागा सवयीची झाली.

बुध, गुरू, शुक्र, शनि, सोम असेच गेले. हे रोज घरी येऊन पत्त्यांत कोण लबाडी करतं ते सांगायचे, पण आपल्या त्या नव्या हळू आवाजातच. मला वाटायला लागलं, नोकरी वाचेल, आवाज काही परत यायचा नाही. चालेल. सगळंच कुठे मिळतं.

आठवा दिवस मंगळवारचा. त्या दिवशीही पंचिंग वेळेवर झालं हे आधीच सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. कारण मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

त्या दिवशी कसलीतरी भरतीची परीक्षा होती. तळेगावपासूनच पोरांनी गाडी भरून आली. कुठलं मंडळ आणि कुठलं काय, ज्याला जिथे फट दिसली तो तिथे घुसलेला. त्यात मामांना ताप, ते आलेले नव्हते. पत्त्यावाले डब्याच्या आत दाबले गेलेले, दारात सगळे परके चेहरे. मी माझ्या भागात कशीबशी चढले आणि जाळीशी तोंड लावलं. हे खाली फलाटावर, काठी हातात, आणि दारात माणसांची भिंत. पाठीमागे तोच बाक. मी जाळीवर हात आपटत राहिले, कुणी वळून बघेना. एरवी कुणी न विचारता ओरडणारी मी, तेव्हा ओरडणंही सुचलं नाही.

आणि मग आवाज आला. “ए, दारातले दोघं. आत वळा. पंख्याखाली जागा मोकळी हाय, तिकडं सरका. निळ्या शर्टवाले, बॅग पाठीवरून पुढं घ्या. एकेक पाऊल, चला. फलाटावर अजून सहा जण हायेत, समदे चढणार. कुनी ढकलायचं नाही.” प्रेस शॉपमधला आवाज. या टोकावरून त्या टोकाला जाणारा. आणि डबा खरंच हलला. पोरं वळली, सरकली, बॅगा पुढे आल्या. आधी ते सहा जण चढले, मग कुणाचा तरी हात धरून सगळ्यांत शेवटी हे. गाडी सुटली तरी सूचना चालूच होत्या.

माझ्या शेजारी टिफिनची पिशवी पोटाशी धरून एक नवीन बाई उभी होती. ती वैतागून म्हणाली, “कोण हो हा माणूस? सकाळी सकाळी किती ओरडतोय.”

मी म्हटलं, “आमचेच आहेत. पाच महिन्यांनी ओरडतायत.”