गजाननचं रिकामं देवक

डेटाबेस बदलला की डेटा मुकाट्याने नव्या घरी जातो, किस्से मात्र ऑफिसातच साचून राहतात. आमच्या अमरावतीच्या ऑफिसात चहा आला की त्यातला एखादा निघतोच!

आम्ही एका वधू-वर मंडळाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. स्थळं जुळवायचे नियम स्टोअर्ड प्रोसिजर्समध्ये, म्हणजे डेटाबेसच्या पोटातच लिहिलेले. यंदा डेटाबेस बदलला, त्यामुळे प्रत्येक प्रोसिजर नव्या भाषेत लिहायची होती. लिहिणारे गजानन आणि मी. तपासणारी दीपाली, रोज अकोल्याहून गाडीने येणारी. ती आम्हां सगळ्यांना भाऊ म्हणते, गजाननला सोडून.

गजाननचं स्वतःचं स्थळही याच डेटाबेसात होतं. सहा वर्षांत एकही जुळलं नव्हतं. आई रोज फोनवर विचारायची, "तुह्या मशीनले तूच दिसत नाही काय रे?" बिचारा डबा न संपवताच उठायचा.

*

पहिलीच प्रोसिजर उघडली. वर वानखडेकाकांची टीप: "हे काहून चालते मले माहीत नाही. हात लावू नये." प्रोसिजर्स लिहिणारे काका आता निवृत्त होऊन चांदूर बाजारला संत्री पिकवतात. त्यांना फोन लावला.

"मंग हात काहून लावला?" म्हणाले, आणि फोन ठेवला!

*

जन्मतारखेवरून वय काढणारी प्रोसिजर मी बदलली, पण दिवसांची वर्षं करायला विसरलो. एका नवरदेवाचं वय निघालं दहा हजार नऊशे! मी घाबरून मंडळाच्या बाईंना फोन केला.

"वयाचं जाऊ द्या हो," बाई म्हणाल्या, "नोकरी पर्मनंट आहे ना?"

*

कमिट म्हणजे केलेला बदल पक्का करणं. जुन्यात ते फंक्शनच्या मधेच चालायचं, नव्यात चालेना. गजानन वैतागला, "कमिट होऊनच नाही राहिलं बे!"

दीपालीने मानही वर केली नाही. "तुले कधी जमलं ते!"

*

शेवटी देवकाची प्रोसिजर उरली. देवक, म्हणजे कुळाचं चिन्ह, सारखं असलं तर स्थळ बाद, एवढाच नियम. गजाननने फॉर्मात देवकाचा रकाना रिकामा सोडला होता. जुना डेटाबेस रिकामं म्हणजे 'माहीत नाही' धरायचा आणि असं स्थळ कुणाशीच जुळवायचा नाही. गुपचूप! सहा वर्षं! नव्याच्या लेखी रिकामं हेही एक उत्तरच, बाकीच्या देवकांहून वेगळं.

एंटर दाबलं, आणि स्क्रीनवर चारशे मुली! गजाननचे डोळे भरले, खरं सांगतो, माझेही भरले. त्याने आईला फोन लावला.

"चारशे?" आई म्हणाली. "मंग हॉल कोनता घ्याचा?"

दीपालीने मात्र तेवढ्यात बग टाकला, म्हणजे चूक नोंदवली: 'गजाननच्या यादीत एक स्थळ सुटलं आहे.'

मी शोधलं. एका मुलीनेही देवक रिकामं ठेवलेलं. रिकामं आणि रिकामं सारखंच, म्हणून नव्या डेटाबेसने तिला बाद केलं होतं.

"कोन आहे थे?" गजाननने विचारलं.

दीपाली पर्स उचलून दारापर्यंत गेली. "भाऊ, त्याले सांगा," ती मला म्हणाली, "माही गाडी सव्वासहाची आहे. तोवर फिक्स कर म्हना."